तिसरा तुंबा

तिसऱ्या तुंब्यातला घोट जिभेवर पडताच ओदिलला कळलं, हा डोलो आईच्या हातचा. ज्वारीची ही दारू निवळायला भेंडीची देठं सगळ्याच बायका घालतात, पण शेवटी चिंचेची जळकी साल टाकते ती एकटी आईच. ओदिल त्याच चवीवर वाढली होती.

टेबलापलीकडे कंबिरे साहेब पेन उघडून बसले होते. बोबो शहरातल्या या नव्या कारखान्यात डोलो बाटलीत भरायचा होता. उमेदवारीची जागा एकच. आलेल्या नऊ जणींत शाळा अर्धवट सोडलेली फक्त ओदिल. ही जागा गेली की जन्मभर आईसारखं चुलीपुढे डोळे चोळत बसायचं, हे तिला लख्ख दिसत होतं.

“तिन्हींतलं ओतून टाकण्याजोगं कुठलं?” साहेबांनी विचारलं.

पहिले दोन तुंबे कारखान्याचे होते. दोन्ही पांचट. तिसरा आपल्याला जोखायला बाजारातून मुद्दाम आणलाय, असं तिने ताडलं. घरगुती डोलोला चांगलं म्हणणारी पोरगी कारखान्याला कशाला हवी असेल? पोरगी हुशार होती, हेच वाईट झालं.

“हे तिसरं,” ती म्हणाली. “धुराचा वास मारतोय. घाणेरड्या हाताने केलंय कुणीतरी.”

साहेब खूश झाले. “बाकीच्या आठ जणींनी तेच सगळ्यांत चांगलं म्हटलं. मालक तर ते करणाऱ्या बाईला मुख्य कारागीर नेमायला निघाले होते. मला नको होती असली अंगठेबहाद्दर बाई डोक्यावर. तुझ्या अर्जात आहे ना, आई डोलो करते म्हणून? आता एका डोलोवालीच्याच लेकीने नापास केलं म्हटल्यावर मालक काय बोलणार? सोमवारपासून ये तू. आणि जाता जाता बाहेर बाकावर बसलीय ना, तिला सांग, घरी जा म्हणून.”

बाकावर आई होती. ‘मलाही आज शहरात काम आहे,’ असं सकाळी ती गालातल्या गालात हसत म्हणाली होती, ते हे काम. अंगावर सणाचं कापड, मांडीवर रिकामं मडकं. लेकीला पाहून ती सरकली आणि शेजारी जागा केली.

“मुद्दामच बोलले नाही तुला,” आई म्हणाली. “मालकांना एकच अट घातलीय. मला घेतलंत, तर हाताखाली शिकायला माझी पोर पाहिजे. हात बघ कसे गार पडलेत माझे. आत चव घ्यायला होतं तरी कोण गं?”