टोपीचा रंग

दहाव्याला नदीकाठी तास उलटला तरी दादाच्या पिंडाला कावळा शिवेना. वहिनीने पदर पसरून "लेकीला शिकवीन" म्हटलं, काकांनी "घराकडे बघू" म्हटलं. कावळे फांदीवरून हलले नाहीत.

धाकट्या बहिणीने, शैलाने, पर्समधलं पुस्तक घट्ट धरलं. मोठ्या माणसांनी रंगवायचं, पण आत चित्रं दादाच्या नि तिच्या लहानपणीच्या कार्टूनमधल्या टोपीवाल्या सशाची. दवाखान्यात दादाचा वेळ जावा म्हणून तिनेच आणलेलं. लहानपणी घरी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. सशाची टोपी दादाच्या मते हिरवी, तिच्या मते लाल. चाळीस वर्षं ते भांडण मिटलं नव्हतं. मुखपृष्ठावर टोपी चक्क लाल निघाली.

"छापणारे चुकलेत," सलाइन लावलेल्या हाताने ती हिरवी करत दादा म्हणाला होता. "तू हिरवी म्हणेपर्यंत मी कुठे जात नाही, बघ!"

म्हणून शैला शेवटपर्यंत लालच म्हणत राहिली.

आता ती पुढे झाली. डोळे मिटून हात जोडले. "दादा, हिरवीच होती रे टोपी."

पंख फडफडले. "शिवला, शिवला!" सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

शैलाने डोळे उघडलेच नाहीत.