फ्रीजरमधला मका

“डोरीनबाई, एकच विचारतो. यारिएलचं कोपर दुखायचं का?”

फोन बेसबॉल क्लबच्या मुख्य कचेरीतून होता. केसलर बोलत होता. क्लबच्या खालच्या संघांतली सगळी तरुण पोरं त्याच्या हाताखाली. डोरीनने रिसीव्हर खांद्यात धरला आणि शेगडीवरच्या सुपाचा गॅस बारीक केला. सूप एकटीपुरतंच होतं, पण पातेलं सवयीने मोठं घेतलं गेलं होतं.

“मला काय विचारता? तुमच्याकडे डॉक्टर आहेत की.”

“डॉक्टरांना ही पोरं खरं सांगतात होय? हात गळून पडला तरी म्हणतील, ‘झकास आहे, सर.’ घरात मात्र लपत नाही. दोन उन्हाळे तुमच्याकडे राहिला तो. हंगाम संपता संपता त्याचे चेंडू मंदावले. नुसता थकवा होता की दुखणं, तेवढं सांगा. आज यादी द्यायचीय आणि एकच जागा उरलीय.”

यादी चाळीस जणांची. दर नोव्हेंबरात ठरायची. नाव लागलं की पोरगा क्लबने राखून ठेवला. त्याची वाट मोठ्या शहराकडे. नाव नाही लागलं तर डिसेंबरात दुसरा कोणताही क्लब त्याला उचलून नेऊ शकत असे. आणि ज्याला कुणीच उचललं नाही, तो वसंतात पुन्हा आयोवातल्या या गावात, नदीकाठच्या छोट्या मैदानावर यायचा. म्हणजे पुन्हा डोरीनच्या तळघरातल्या खोलीत.

गावाची रीतच होती ती. खालच्या संघातल्या पोरांना पगारात घरभाडं परवडत नसे, म्हणून गावातली घरं एकेकाला ठेवून घेत. डोरीनचा नवरा रॉय होता तेव्हापासून हे चालू होतं. फ्रीजवर सगळ्यांचे फोटो होते. गेलेली पोरं पहिल्या नाताळला फोन करत, दुसऱ्या नाताळला विसरत. रॉय वारल्यावर शेजारणी म्हणाल्या, आता पुरे झालं. डोरीनने खोलीला नवा रंग दिला.

त्या वसंतात यारिएल आला. डॉमिनिकन, समुद्राकाठच्या बानी गावचा, चेंडू फेकणारा. पहिल्याच आठवड्यात तो तिला माई म्हणायला लागला.

गेल्या जुलैत एका सामन्याहून येऊन तो स्वयंपाकघरात जेवायला बसला. उजवा हात मांडीवर, काटा डाव्या हातात. डोरीनने काही न विचारता फ्रीजरमधलं मक्याच्या दाण्यांचं पाकीट त्याच्यासमोर ठेवलं.

“हे खायचं की बांधायचं, माई?”

“आधी बांध, मग खा. माझ्या घरात काही वाया जात नाही.”

तो हसला. मग हसू आवरून म्हणाला, “कुणाला सांगू नका हं. बाकावर बसवतील.”

तिने सांगितलं नाही. उन्हाळाभर ते पाकीट वितळत राहिलं आणि पुन्हा गोठत राहिलं.

“डोरीनबाई, आहात ना?”

गणित तिला स्वच्छ दिसत होतं. दुखत नव्हतं म्हटलं, की यारिएल यादीत आणि खोलीतल्या चादरी कपाटात. दुखत होतं म्हटलं, तर अधू हातावर शेवटची जागा कोण घालवणार? दुसरा क्लब तरी अधू हात कशाला उचलेल? तो परत येईल. एप्रिलमध्ये मागचं दार ढकलून विचारेल, माई, आज काय केलंय?

आणि त्यासाठी खोटंसुद्धा बोलावं लागणार नव्हतं. तिला लाज वाटली ती याचीच.

“दुखायचं,” ती म्हणाली. “जुलैपासून. बरणीचं झाकणही उजव्या हाताने उघडायचा नाही.”

“बरं झालं सांगितलंत,” केसलर म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

डोरीन तळघरात गेली. पलंगावर धुतलेली चादर घातली. मग गाडी काढून दुकानात गेली आणि मक्याची नवी पाकिटं घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी फोन वाजला. पलीकडे कोंबडे, मोटरसायकली आणि घरभर माणसांचा गलका.

“माई! लागलं! नाव लागलं माझं!”

डोरीन खुर्चीवर बसली. “अरे, पण तुझं कोपर?”

“कोपरामुळेच तर! केसलरसाहेब म्हणाले, नुसता थकलेला असतास तर तुला यादीबाहेरच ठेवलं असतं. तसल्याला कुणी उचलत नाही, कारण उचललं की हंगामभर मोठ्या संघात जागा द्यावी लागते. पण जखमी पोराला आजाऱ्यांच्या वेगळ्या यादीत टाकता येतं, जागा अडत नाही. कुणीही मला फुकटात पळवलं असतं, म्हणून यांनीच आधी नाव घातलं. आता फ्लोरिडात ऑपरेशन, वर्षभर तिथेच. मग थेट वर! आयोवा संपलं, माई!”

“छान झालं,” डोरीन म्हणाली. “फार छान झालं.”

गलका मागे पडला. तो फोन घेऊन अंगणात गेला असावा. आवाज एकदम जवळ आला.

“तुम्ही काय सांगितलंत ते साहेबांनी कळवलं मला. तुम्ही इतकी वर्षं पोरं सांभाळलीत. हे डावपेच तुम्हाला माझ्याआधी ठाऊक. ‘दुखत नव्हतं’ एवढं म्हटलं असतंत, तर एप्रिलमध्ये मी तुमच्याच दारात होतो. मी परत यावं असं तुम्हाला किती वाटत होतं ते मला माहीत आहे, माई. तरी तुम्ही खरं सांगितलंत.”