फितूर काटा

बर्फाळ डोंगरावर पळवायच्या स्नोमोबाइलचं मागचं सस्पेन्शन बदलायला मर्ल बायकोला घेऊन बॉइडच्या दुकानात आला. काउंटरवर दोन होती: एक हलकं, उंच चढणारं, दुसरं दणकट, दोघांना पेलणारं. “हलकंच दे,” मर्ल म्हणाला. “तुझं वजन?” बॉइडनं विचारलं. “दोनशे पौंड,” मर्लनं पोट आत ओढत ठोकून दिलं. “खरं वजन सांगणारा गडी मोंटानात अजून जन्मायचाय! हेल्मेट, बूट, पाठीवरचं फावडं चढव आणि काट्यावर उभा राहा. स्प्रिंग चुकली तर पहिल्याच उडीत कंबर मोडेल.” मर्ल सगळं चढवून उभा राहिला. काटा थेट तीनशेवर गेला. “काटाच फितूर आहे तुझा!” मर्ल ओरडला. बॉइड मिशीत हसला. मर्लनं मागे पाहिलं. बायकोचा पाय काट्यावर होता. आजवर ‘मेले तरी त्या डबड्यावर बसणार नाही’ म्हणणारी ती पुटपुटली, “यंदा मागे मी बसणार.” मर्लनं ओढून धरलेलं पोट सोडलं. “बॉइड, दणकटच दे.”