सत्त्याण्णव अंश

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रयोगवहीतल्या सत्त्याण्णववर लाल काट मारली.

"पाणी शंभर अंशांना उकळतं. शाळेतल्या पोरालाही माहीत असतं हे."

समोरची मुलगी इतिहास शिकणारी. कला शाखेच्या साठही जणांना यंदा सामान्य विज्ञान सक्तीचं होतं आणि प्रात्यक्षिकात नापास म्हणजे वर्ष गेलं.

"मी उकळून बघितलं, सर. सत्त्याण्णवच आलं."

"बाकी एकोणसाठ जणांचं शंभर आलंय."

"त्यांनी गाईडमधून उतरवलंय."

शेजारच्या खुर्चीत हा विषय शिकवणाऱ्या बाई बसल्या होत्या. गाव तीन हजार फुटांवर. इथे पाणी सत्त्याण्णवलाच उकळायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण पोर्शन उरकायच्या घाईत 'आकडे गाईडमधून घ्या' असं वर्गात त्याच म्हणाल्या होत्या. त्यांनी समोरचा वह्यांचा गठ्ठा सरळ केला.

मुलगी हटेना. शेवटी प्रयोगशाळेतल्या मामांनी बर्नर पेटवला. पाणी खळखळलं, पारा सत्त्याण्णववर थांबला.

"थर्मामीटर खराब आहे," परीक्षक म्हणाले.

मामांनी दुसरा आणला. मग तिसरा. पारा तिथेच.

"सगळेच खराब." मग परीक्षक समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघ बाळ, तुला कुठे शास्त्रज्ञ व्हायचंय? तुमच्यासाठी हा विषय नावापुरता. शंभर लिही, पास करतो."

"आणि आत्ता आपण चौघांनी बघितलं त्याचं काय करू?"

परीक्षकांनी तिच्या नावापुढे भोपळा काढला आणि गुणपत्रक बाईंपुढे सरकवलं. "सही करा, मॅडम. माझी साडेपाचची गाडी आहे."

बाईंनी पेन उघडलं. एकोणसाठ जणांपुढे वीसपैकी वीस, एकीपुढे शून्य. त्यांना आधी स्वतःचा राग आला, मग शेजारच्या माणसाचा. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"इथे पाणी सत्त्याण्णवलाच उकळतं, सर. उंचीमुळे. हे मी मघाशीच बोलायला हवं होतं."

"एका पोरीसाठी आता नवं झेंगट नको, मॅडम."

"एकीसाठी नाही. बाकीच्यांनी कुठलं पाणी उकळलं, ते बघायचंय मला."

दोघांच्या सह्यांशिवाय कागद हलणार नव्हता. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. व्हरांड्यात पोरं दप्तरं भरून हसत-खिदळत उभी होती. बाईंनी दार उघडलं.

"सगळे आत या. वह्या बाहेर ठेवा." मग त्या वळल्या. "मामा, बीकर काढा. असतील तेवढे."

मामांनी भिंतीतलं कपाट उघडलं. बीकर अजून दुकानातल्याच कागदात गुंडाळलेले होते.