क्लेमेंटच्या नावचे साठ मासे

"साठच्या साठ माझ्या मयताच्या जेवणाला लागतील," क्लेमेंट म्हणाला आणि टोपी मांडीवर ठेवून बसला.

नदीकाठच्या आदिवासी जमातीच्या सभागृहात वाटपाची बैठक चालू होती. टेबलाच्या अलीकडे मासेमारी समितीची प्रमुख व्हर्ना होती, क्लेमेंटची सख्खी भाची. पलीकडे राज्य सरकारचा हाल्व्हर्सन. दर वसंतात दोघं असेच समोरासमोर बसून नदीतल्या सॅल्मन माशांचा वाटा ठरवत. वरच्या ओढ्यात अंडी घालायला लागतील तेवढे मासे सोडायचे आणि उरतील ते निम्मे जमातीचे, निम्मे राज्याच्या गळवाल्यांचे.

यंदा जमातीच्या वाट्याला जेमतेम साठ येत होते. ओढ्यातले मासे वर्षागणिक कमी होत चालले होते. व्हर्नाच्या आईचा जन्म त्याच ओढ्याकाठी झालेला. सकाळीच तिने हाल्व्हर्सनला सांगून पाहिलं होतं की एक वर्ष कोणीच काही मारू नये. हाल्व्हर्सन वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या मानगुटीवर गळवाले बसलेले.

"तुम्ही तुमचे साठ सोडलेत तर ते आमच्याकडे येतात," तो म्हणाला होता. "नियमच तसा आहे, बाई. माझ्या हातात असतं तर वेगळं."

म्हणजे वाचवायचे म्हणून सोडावेत, तर दुसऱ्याच्या गळाला लागणार. दुपारपर्यंत व्हर्ना त्यावर डोकं फोडत होती. तेवढ्यात मामा दार ढकलून आत आला आणि त्याने ही मागणी केली.

मयताच्या माशांची गोष्टच निराळी. जमात आपल्या वाट्यातून ते बाजूला काढते आणि मग ते कोणाच्याच वाट्यात धरत नाहीत. एकदा घराच्या नावाने ठेवले की त्या घराखेरीज कोणी त्यांना हात लावत नाही, अगदी सरकारही. आणि ज्या घरावर तशी वेळ आलीय त्याला कधी, कशाने, एवढे कशाला, असं काही विचारायचं नसतं. नदीकाठी लहान मुलांनाही हे कळतं.

हाल्व्हर्सनने टोपी काढली, मान खाली घातली आणि मान्य केलं. व्हर्नाने सही केली, पण तिला हाल्व्हर्सनकडे बघवेना. सकाळी नदी बंद ठेवा म्हणणारी बाई दुपारी मामासाठी साठ मासे घेऊन उठली होती.

बाहेर वाहनतळावर तिने मामाला गाठलं.

"साठ, मामा? येणार कोण तुझ्या जेवणाला? अर्ध्या वस्तीशी तर तुझं भांडण."

"फुकटचं म्हटल्यावर येतील. भांडलेले तर आधी येतील."

"ओढा संपेल रे."

"बघू, आधी मी संपतो की ओढा."

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या अंगावरचा कोट या वर्षी फारच ढगळ झाला होता.

त्यानंतर क्लेमेंटने आपली जाळी एका भाच्याला देऊन टाकली आणि होडी दुसऱ्याला. वस्तीला जे समजायचं ते समजलं. लोक त्याच्या दारात हरणाच्या मांसाचं सूप ठेवू लागले, बेरीच्या गोड वड्या ठेवू लागले. पंधरा वर्षं न बोललेला शेजारी लाकडं फोडून देऊन गेला. क्लेमेंट सगळं खाई, भांडी धुऊन परत करी आणि सुपात मीठ कमी पडल्याचंही सांगे. विचारलं मात्र कोणीच काही नाही.

व्हर्नाने मामाच्या त्या दोघा भाच्यांना जाळी तयार ठेवायला सांगितलं. मामा गेला की त्याच दिवशी नदीत उतरायचं, असं ठरलं.

मग मासे यायला लागले. रोज सकाळी कामावर जाताना ती आधी मामाच्या धुराड्याकडे बघे. धूर दिसला की तिला हायसं वाटे. आजचा दिवस गेला, आजचे मासे वर गेले. मग तिला स्वतःचीच लाज वाटे. मामाने जगावं असं तिला वाटत होतं, पण त्यात मामासाठी किती आणि माशांसाठी किती, हे तिचं तिलाही सांगता येईना. ज्या माणसाने तिला जाळं विणायला शिकवलं त्याच्या श्वासांचा ती असा हिशोब मांडत बसली होती. एका संध्याकाळी तिला त्याचं फार रडू आलं.

उन्हाळा सरला. नदीतले शेवटचे मासे वरच्या ओढ्याला लागले. हंगाम संपताना राखीव माशांवरचा हक्कही संपतो, आणि हे मामाला सांगणं तिलाच भाग होतं. काय शब्दांत सांगावं हे घोकत ती त्याच्या घरी गेली.

क्लेमेंट छपरावर बसून फळ्या ठोकत होता. तोंडात खिळे होते.

"मामा, खाली ये. पडशील."

त्याने खिळे काढून हातात घेतले. "ओढ्यात पोचले का?"

"पोचले. पण उद्यापर्यंत तुझा हक्क आहे. तू म्हणालास तर मुलं वर जाऊन धरतील. धुरी देऊन सुकवून ठेवू, म्हणजे पुढे केव्हाही..."

"साठही पोचले?"

"साठही."

क्लेमेंटने ओढ्याकडे नजर वळवली. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते त्याने लपवलं नाही.

"मग राहू देत तिथेच," तो म्हणाला.

"आणि हिवाळ्यात तुला काही झालं तर, मामा?"

"मला काय धाड भरलीये?" त्याने पुढचा खिळा फळीवर धरला. "पुढच्या वसंतात मयताचे मासे राखायला कोणाला मारायचं, ते आत्तापासून बघून ठेव."