निब चालवून बघणं

हट्टा गावची शिवकन्या लेथवर जुन्या घाटाचे शाईपेन घडवते. थोरला भाऊ शिवशंकर पारावर बसून सांगायचा, "आमची बाई दांडकी घासून राहिली!" वडिलांच्या शेतातला वाटा सोड म्हणून तोच दोन वर्षं हक्कसोडपत्र घेऊन तिच्या मागं लागला होता, अन् ती काही सही करत नव्हती.

एक दिवस स्वारी गोड हसत आली आणि स्वतःसाठी पेन सांगून गेली. न्यायला आला तेव्हा त्यानं घडी घातलेला कागद पुढं सरकवला. "बघू बरं शिवा, निब कशी चालते. हितं खाली नाव लिव."

घडीतून स्टँपपेपरचा शिक्का डोकावत होता. फसवायला निघालेल्या माणसाला धड घडीही घालता येऊ नये! शिवकन्यानं सावकाश, वळणदार अक्षरात नाव लिहिलं. त्यानं झडप घालून कागद उलगडला आणि तोंड वासलं.

"माझं नाव काहून लिवलं?"

 

"ज्याचा पेन, त्याच्याच नावानं चालवून बघते मी, दादा. हक्क तुझा सुटला. पेन तेवढा घेऊन जा."