छत्तिसावा फोटो

“पस्तीस झाले,” सासरे म्हणाले आणि त्यांनी कॅमेऱ्यावर टोपण बसवलं. “आता जावई आल्याशिवाय बटण दाबायचं नाही.”

सून रुमालाने मान पुसत होती. झाडांच्या शेंड्यांवर ऊन रणरणत होतं. खाली ओढ्याकाठी मात्र ओलसर सावली होती.

“आणि नाही आला तर?”

“तर नेहमीसारखा तुझा काढीन. घाम पुसताना.”

अकरा उन्हाळ्यांत तिचे असे अकरा फोटो जमले होते. एकातही ती बरी दिसत नव्हती.

जावई हे नाव सासऱ्यांनीच ठेवलेलं. जांभळ्या पंखांचं, तळहाताएवढं फुलपाखरू. मुक्काम कायम शेंड्यावर. खाली उतरणार ते भर दुपारी, वर्षातून एखाद्या वेळी, तेही मर्जी असली तर. “पोटी मुलगी नाही, तेव्हा जावयाची हौस अशीच भागवायची,” ते म्हणत. “आणि मानपान केवढा! दुसरा जावई दिसला की याच्या अंगाचा तिळपापड. लगेच हुसकायला येतो.”

त्यांच्या वहीत या रानातली सगळी फुलपाखरं होती. हे एक सोडून.

चाळीस वर्षं त्यांनी उजव्या डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केली होती. डावा तर केव्हाच गेलेला. आता उजव्याबद्दल डॉक्टर म्हणाले होते, पुढच्या उन्हाळ्यात झाड दिसेल, पान दिसणार नाही. घरी येऊन सासऱ्यांनी जाहीर केलं, “मग अंगण तुम्हीच झाडा. मला पानं दिसायची नाहीत.” कोणी हसलं नाही.

कॅमेरा रोलचा, एका रोलमध्ये छत्तीस फोटो. मुलाने मोबाइल आणून दिला, तर म्हणाले, “यात हजार फोटो निघतात. म्हणजे एकही नीट बघून काढायला नको.” फोटो धुऊन देणाऱ्याने कपाटाच्या तळाचा रोल शोधून दिला आणि हात जोडले. “काका, हा शेवटचा. आता मागू नका.”

म्हणून सुनेने ठरवलं होतं.

ती नवरीचे पोशाख शिवायची. जांभळ्या रेशमाचा एक तुकडा उरला होता. सासरे दुपारी आडवे झाले की ती त्यांच्या फुलपाखरांच्या पुस्तकातलं चित्र समोर ठेवून बसायची. तीन दुपारी लागल्या. पंखांच्या कडेला बारीक तार घातली, वाऱ्याने थरथरावी अशी. स्वतःच्याच कामावर ती भाळली, आणि लगेच तिला स्वतःची लाजही वाटली. आंधळेपणाच्या उंबरठ्यावरच्या माणसाला फसवायचं, आणि ते आपणच.

पण पुढच्या उन्हाळ्यात पान दिसणार नव्हतं.

“बाबा, मी बाटली भरून आणते,” ती म्हणाली.

ओढ्याच्या वळणावर एक तोडलेला बुंधा होता. तिने पिशवीतून डबी काढली, रेशमी जावई टाचणीने सालीवर बसवला आणि बाटली तिथेच विसरल्यासारखी ठेवली. मग धावत परत.

“बाबा! चला लवकर. आलाय!”

सासरे एवढ्या चटकन उठले की त्यांचं घडीचं स्टूल उलटलं. दहा पावलांवर ते थांबले आणि कॅमेरा डोळ्याला लावून इंच इंच पुढे सरकले. त्या लेन्समधून मुंगीच्या मिशाही दिसायच्या, हे तिला आत्ता आठवलं. तिने मान खाली घातली. बघायचं धाडस नव्हतं.

बटणाचा आवाज येईना.

मग वर काहीतरी फडफडलं. सासऱ्यांनी श्वास आत ओढल्याचं तिला ऐकू आलं. तरी आवाज नाही. ती चपलेच्या अंगठ्याकडे पाहत राहिली. देवा, काढा की एकदाचा.

खट्.

“मिळाला?”

“मिळाला.” त्यांनी कॅमेऱ्यावर टोपण बसवलं. “चल, जाऊ.”

“अय्या, माझी बाटली राहिली!” ती पळत गेली, रेशीम पिशवीत कोंबलं, बाटली घेतली आणि परतली. सासरे पाठ करून उभे होते, आभाळाकडे तोंड करून.

परतताना त्यांनी तिचा हात धरला. मग म्हणाले, “सूनबाई, चष्म्याचा नंबर तपासून घे.”

“मला चांगलं दिसतं.”

“तरी. शिलाईवाल्यांनी डोळ्यांची हयगय करू नये.”

स्वतःचं दुखणं माणूस दुसऱ्यात शोधतो, असं तिला वाटलं.

आठ दिवस तिला घास गोड लागला नाही. ते वहीत नोंद करणार, मित्रांना दाखवणार. फोटो आले की खरं सांगून टाकायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं. काय बोलतील ते बोलतील.

फोटोंचं पाकीट सासऱ्यांनी स्वतः आणलं, प्रत्येकाच्या मागे नेहमीसारखी नोंद लिहिली आणि तिच्या हातात दिलं. “तेवढे अल्बममध्ये लाव. मी जरा पडतो.”

तिने थेट शेवटचा काढला. तिचा जावई बुंध्यावर बसला होता, रेशमाचा धागान् धागा मोजावा इतका स्वच्छ. आंधळ्यालाही कळलं असतं. वरच्या कोपऱ्यात तेवढा एक जांभळट डाग पडला होता. धुणाऱ्याचं बोट लागलं असावं.

“बाबा, मला काही सांगायचंय,” ती म्हणाली.

“आधी मागचं वाच,” आतून आवाज आला.

तिने फोटो उलटा केला. अक्षर नेहमीसारखंच होतं, घड्याळाच्या आकड्यांसारखं रेखीव.

‘छत्तिसावा. सूनबाईंनी शिवलेला जावई. तार माझ्याच घड्याळांच्या डब्यातली. डाव्या पंखाचा एक टाका सुटलाय. कोपऱ्यातला डाग म्हणजे त्याला हुसकायला आलेला खरा. फोटो एकच उरला होता.’